एक पान काढ

हेल्मेट न काढताच अल्पना बोलली, म्हणून अनीशला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, आणि दुसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा इंदूरच्या बसचा कंडक्टर नवराबायकोच्या मध्ये येऊन उभा होता. ती म्हणाली होती, दर शनिवारी कशाला येता, बेकार थकता, महिन्यातून एकदा आलात तरी चालेल. आवाजात काहीच नव्हतं. उद्यापासून अर्धाच लिटर देत जा, असं दूधवाल्याला सांगतात तसा आवाज. मग तिनं स्कूटर वळवली आणि ती कारखान्याकडे निघून गेली, कारण रविवारी तिची ड्यूटी असे. आणि अनीश खिडकीजवळ बसून, देवास मागे पडलं तरी ‘चालेल’ या शब्दाकडे पाहत राहिला. तो धारला रजिस्ट्री ऑफिसाबाहेर दस्तलेखक होता. पाटीवर सर्विस प्रोव्हायडर लिहिलेलं होतं, पण काम तेच, घरं, प्लॉट, शेतं एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर नेणारे कागद तयार करणं. वीस वर्षांच्या कागदांत माणसं देत होती, घेत होती, सोडत होती, हक्क राखून ठेवत होती. चालेल असं कोणी कुठंच लिहून दिलेलं नव्हतं. यातलं ते नेमकं कशात बसवायचं, हे बेटमा येईपर्यंत त्याला ठरवता आलं नाही, आणि बेटम्यानंतर त्याला झोप लागली.

भांडण नव्हतं, हे आधी नोंदवून ठेवायला हवं. सहा वर्षांपूर्वी अल्पनाला देवासच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी लागली, कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर पडलं ते पाहायची. ती मूळची देवासचीच. देवासच्या जुन्या दोन गाद्यांपैकी आम्ही धाकट्या पातीचे, असं तिचे वडील हयात असेपर्यंत पाहुण्यांना सांगत, जणू थोरल्या पातीचे कोणी ऐकत बसले आहेत. तिनं विचारलं होतं, जाऊ का? अनीश म्हणाला होता, जा. त्या संध्याकाळचं त्याला एवढंच आठवे की अर्जावर जिथं सही करायची तिथं तिनं पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली होती. त्याला धार सोडता येत नव्हतं, कारण आई, आणि कारण रजिस्ट्रीबाहेरची ती टेबलाएवढी जागा, जी एकदा सोडली की दुसऱ्या दिवशी तिथं दुसऱ्याचा प्रिंटर दिसला असता. मूलबाळ नव्हतं, तो विषय डॉक्टरांकडे सुरू होऊन डॉक्टरांकडेच संपला होता. तेव्हापासून शनिवारी पहाटे सहाची बस, इंदूरला बदली, साडेनऊला देवास. अल्पनाच्या कारखान्याची सुट्टी शनिवारी. तो पोचे तेव्हा पोहे तयार असत, फरशी ओली असे, पलंगावर घडीच्या रेघा असलेली नवी चादर असे. रविवारी सकाळी ती त्याला स्टँडवर सोडून पुढे ड्यूटीला जाई. लॉकडाउनचे सोडले तर सहा वर्षांत नऊ शनिवार चुकले होते, आणि त्या नवांचीही कारणं त्याला पाठ होती. नवरा म्हणून आपण फार काही नसलो तरी नियमित आहोत, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं. नियमितपणाच कोणाला जास्त होऊ शकतो, हे त्याच्या मनात आलेलं नव्हतं.

सोमवारी शेजारच्या फोटोकॉपीच्या दुकानात तो एका खरेदीखताच्या प्रती काढायला गेला. दुकान अंशुलचं. पस्तिशीचा, पोट सुटलेला, मशीन तापेपर्यंत गिऱ्हाइकांना पत्त्यांचे खेळ दाखवणारा. त्याच्याकडे प्रती काढायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक खेळ पाहायला येत आणि निम्मे खेळ दाखवू नये म्हणून घाई करत, अनीश दुसऱ्यांतला. पण त्या दिवशी मशीन बराच वेळ तापत राहिलं. अंशुलनं त्याच्याकडून एक पान काढवलं, गड्डीच्या मध्यावर ठेववलं, गड्डी बंद केली. अनीश डोळे रोखून हातांकडेच पाहत होता. लोकांच्या अंगठ्याच्या ठशांकडे पाहून पाहून त्याची नजर तशी झालीच होती. तेवढ्यात अंशुलनं सहज विचारलं, ‘‘और भिया, भाभी कैसी हैं?’’ अनीशनं मान वर केली. बास, तेवढंच. खाली पाहिलं तर त्याचं किलवरच्या राणीचं पान सगळ्यात वर बसलेलं होतं. हाताची चलाखी होती हे त्याला कळलं. ती केव्हा झाली तेही कळलं. ज्या क्षणी त्याला बायकोबद्दल विचारलं त्या क्षणी. प्रती घेऊन तो टेबलावर परत आला आणि दुपारभर त्यानं एक गोष्ट पाहिली, जी वीस वर्षं त्याच्यासमोरच होत होती. लोक सही करताना कागदाकडे बघत नाहीत. विकणारा घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, घेणारा साक्षीदाराच्या, आणि साक्षीदार चहा येतोय का ते बघतो. कागदावर काय उलटंपालटं झालं ते एकालाही दिसलेलं नसतं.

त्या चलाखीला अंशुल ‘पलटी’ म्हणे. समोरच्याचं पान गड्डीच्या मध्यावर आलं की त्याच्यावर करंगळीचं टोक ठेवायचं. वरून गड्डी बंद दिसली पाहिजे, आत मात्र करंगळीएवढी फट राहिली पाहिजे. मग खालची अर्धी गड्डी वर आणि वरची खाली, एका श्वासात, दोन्ही हातांच्या आड. पान आपोआप सगळ्यात वर येतं. इतकंच आहे, अंशुल म्हणाला, आणि अनीशला त्या ‘इतकंच’वर विश्वास बसला. आपण हे का शिकतो आहोत, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि उत्तर असं दिलं की माणसानं रिकाम्या हातानं जाऊ नये. पेरू, बाग गावची छापील चादर, आईनं दिलेलं लोणचं, सगळं सहा वर्षांत नेऊन झालेलं होतं. महिन्यातून एकदा जायचं तर महिन्याभराचं काहीतरी न्यायला हवं. खरं उत्तर याच्या खाली होतं, आणि तेही त्याला ठाऊक होतं. अल्पनाला एकदा, एकदाच, चकित झालेली पाहायचं होतं. चकित झालेलं माणूस ‘पुन्हा दाखवा’ म्हणतं, आणि पुन्हा म्हणजे पुढचा शनिवार.

डिसेंबरचा शनिवार नुसताच गेला. हात तयार नव्हते. घरी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून तो सकाळी आंघोळीआधी अर्धा तास आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर अर्धा तास पलटी घाली. पानं सांडत. करंगळी आखडे. नर्मदाबाई, म्हणजे त्याची आई, दारातून पाहत. त्यांच्या माहेरी पत्ते म्हणजे दिवाळीचे चार दिवस आणि बदाम सात. एरवी कॅट कापडात बांधून देवघराच्या खणात. बाईमाणसासारखं आरशापुढं काय उभं राहायचं ते, असं त्या एकदा म्हणाल्या, आणि मग बराच वेळ उभ्या राहून त्याही पाहू लागल्या. सूनबाईला दाखवायचंय का, त्यांनी विचारलं. नर्मदाबाईंनी खाली पडलेली चौकटीची सत्ती उचलून त्याच्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. हळूहळू हात बदलले. हात शिकतात तेव्हा ते मालकाला सांगत नाहीत. एके दिवशी बटण लावताना, नळ बंद करताना लक्षात येतं की बोटं आपल्यापेक्षा हुशार झाली आहेत. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गोष्ट घडली. आरशात त्याला पलटी दिसेनाशी झाली. तो अगदी टक लावून पाहत होता. गड्डी हातात होती, आणि मग गड्डी हातात होती, आणि मधे काहीही नव्हतं. त्यानं वीस वेळा केलं, वीसही वेळा काही दिसलं नाही. त्यानं अंशुलला सांगितलं. अंशुल आधार कार्डांच्या प्रती काढत होता. वर न बघता म्हणाला, शीशे में दिखना बंद हो गया भिया, तो हो गया. अनीशला त्या दिवशी जे वाटलं ते लग्नात वाटलं नव्हतं, पहिल्या दस्ताच्या वेळी थोडंसं वाटलं होतं. आपल्या हातून एक गोष्ट पूर्ण झाली आहे, इतकी पूर्ण की आपल्यालासुद्धा ती पकडता येत नाही.

जानेवारीच्या शनिवारी पोह्यांनंतर त्यानं गड्डी काढली. अल्पनानं हात पुसले आणि ती समोर बसली, हजेरीच्या खिडकीत बसते तशी, सरळ. त्यानं पानं पंख्यासारखी पसरली आणि म्हणाला, एक पान काढ. तिनं काढलं, पाहिलं, आणि म्हणाली, ‘‘हे नाही.’’ आणि परत खुपसलं. दुसरं काढलं. तेही नाही. हे लोक करत नाहीत. अंशुलच्या दुकानात शेकडो लोकांनी पानं काढली होती, आलं ते पान प्रत्येकानं मुकाट्यानं आपलं मानलं होतं. तिसरं पान मात्र तिनं ठेवून घेतलं, तोवर अनीशची करंगळी कुठल्या फटीत आहे हे करंगळीलाही माहीत नव्हतं. वर आलेलं पान भलतंच होतं. अल्पना ‘हं’ म्हणाली आणि कुकर लावायला उठली. फेब्रुवारीत तिनं चार पानं परत टाकली. तीच पद्धत, काढायचं, बघायचं, मान किंचित हलवायची, हे नाही. आणि बसमध्ये, दोन्ही महिन्यांत, इंदूरपासून धारपर्यंत अनीश त्या ‘हे नाही’चा हिशेब मांडत बसला. जानेवारीत दोन, फेब्रुवारीत चार. तिनं इतक्या सहजपणे त्याला कधीच काही नाकारलेलं नव्हतं. लग्न ठरवताना ती त्याचा फोटो पाहून लगेच हो म्हणाली होती, असं सासरे सांगत. आता वाटलं, तेव्हा पंखा पसरलेलाच नव्हता, एकच पान पुढे धरलेलं होतं. वापरायच्या साड्या, पडद्याचा रंग, धारचं घर, डॉक्टर, हे सगळं तिनं आलं तसं घेतलं होतं. निवडायची सवय तिला देवासात लागली. हे नाही. तेही नाही. महिन्यातून एकदा चालेल. त्याला राग आला नाही. एखाद्या जुन्या खात्यात दुसऱ्याच कोणाचं नाव चढलेलं दिसावं तसं मात्र झालं, आणि त्यानं ठरवलं की मार्चमध्ये तिनं पान परत टाकलं तर गड्डी बंद करायची, आणि महिन्यातून एकदाचंही काय ते विचारून टाकायचं.

मार्चमध्ये तिनं पहिलंच पान ठेवून घेतलं. सगळं नीट झालं. फट, श्वास, पलटी. त्यानं वरचं पान उलटलं. बदामाची नव्वी. अल्पनानं मान हलवली, वेळेवर आलेल्या कामगाराला पाहून हलवते तेवढीच. ‘‘हेच,’’ ती म्हणाली. बाकी चेहऱ्यावर काही नाही. अनीशनं गड्डी खाली ठेवली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज शांत निघाला.

‘‘मागच्या दोन वेळी एवढी पानं परत का टाकलीस?’’

‘‘ती पानं कुठं होती?’’ अल्पना म्हणाली. ‘‘एक ईंट, एक हुकुम, मग काय काय निघालं. तुम्ही म्हणता पान काढ. अख्ख्या गड्डीत पानं असतात तेरा. लगेच कशी निघतील?’’

मग त्यानं समोरची नव्वी उचलली आणि विचारलं, हे काय आहे? पान, ती म्हणाली, लाल पान. आणि ही चौकटीची सत्ती? ती ईंट. आणि नुसतं हे, रंग नाही, आकडा नाही, बावन्नांतलं कुठलंही एक? ‘‘पत्ता,’’ ती म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिला कळलं. तुमच्याकडे पत्त्याला पान म्हणतात? मग पानाला काय म्हणता? बदाम, अनीश म्हणाला. ‘‘बदामाला?’’ ती म्हणाली, आणि हसली. पोह्यांच्या बशीवर हात ठेवून, खाली मान घालून, आवाज न करता बराच वेळ हसत राहिली. हिंदी शाळेत शिकलेली मुलगी, तिच्या घरी मराठी देवापुढं आणि वडिलांपुढं. पत्ते भावांबरोबर गच्चीवर, हिंदीत. आणि लग्नाच्या चौदा वर्षांत या दोघांनी एकदाही एकत्र पत्ते खेळलेले नव्हते. खेळले असते तर पहिल्या डावातच हे निघालं असतं. म्हणजे ती नाकारत नव्हती. नवऱ्यानं पान मागितलं म्हणून बदाम शोधत होती, आणि तिन्ही वेळा तिनं ते शोधून त्याच्या हातात दिलं होतं. अनीशनं सगळे ‘हे नाही’ एका रकान्यातून काढून दुसऱ्यात टाकले; बेरीज तीच राहिली, फक्त बाजू बदलली. इथं थांबणं शहाणपणाचं होतं. पण माणसाला एक गोष्ट परत मिळाली की लगेच दुसरी हवी असते.

‘‘पण पलटी दिसली नाही ना?’’ त्यानं विचारलं.

अल्पनानं बशी उचलून पुन्हा ठेवली. ‘‘परत करा,’’ ती म्हणाली. त्यानं केलं. ‘‘दिसली,’’ ती म्हणाली. दरवेळी दिसते. त्यानं आरशाचं सांगितलं. दोन महिने टक लावून पाहिलं होतं, वीसपैकी वीस वेळा नाही. ‘‘तुम्हाला दिसणार कशी?’’ ती म्हणाली. ‘‘तेव्हा तुम्ही डोळे मिटता.’’ त्याचा विश्वास बसला नाही म्हणून तिनं फोन उभा करून चित्रण केलं आणि दोघांनी शेजारी बसून पाहिलं. फोनमधला माणूस गड्डी धरून उभा होता, चेहऱ्यावर आरतीच्या वेळचा भाव. करंगळी सरकली, आणि बरोबर त्या क्षणी त्याच्या पापण्या मिटल्या, हळू, सावकाश, नैवेद्य दाखवताना मिटतात तशा. आणि त्या मिटलेल्या डोळ्यांखाली, गोठ्यात म्हैस कूस बदलते तशी ती गड्डी सगळ्यांसमोर उलटली. मग डोळे उघडले. त्यांत समाधान होतं. अल्पनानं न सांगता पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा पाहताना अनीशला आपण स्वतःला पाहत आहोत असं वाटेनासं झालं. रजिस्ट्रीत आलेला कोणी पक्षकार असावा, सही करून टाकलेला, आता काय लिहिलं होतं म्हणून विचारणारा. पहिल्याच दिवशी का नाही बोललीस, त्यानं विचारलं. ती म्हणाली, दोन महिने मेहनत केली होती तुम्ही. सांगून काय करायचं? आणि महिन्यातून एकदा, हे तो विचारणार होता, पण आता त्याला आपल्या प्रश्नांची खात्री उरली नव्हती. अल्पना हातातली नव्वी उलटसुलट करत होती. दुसऱ्या दिवशी स्टँडवर उतरवताना तिनं हेल्मेट काढलं आणि म्हणाली, गड्डी घरीच राहिलीय तुमची. राहू द्या.

त्या आठवड्यात अनीशनं अंशुलला पाहिलं. एका शेतकऱ्याला तो खेळ दाखवत होता, आणि पलटीच्या क्षणी अंशुलनंही डोळे मिटले. अनीश प्रती घेऊन टेबलाकडे वळला. रजिस्ट्रीच्या संगणकावर पक्षकारांचे फोटो निघतात, आणि दर दहांतला एक तरी डोळे मिटतो. त्याला सांगायचं काम अनीशचं. डोळे उघडे ठेवा, काकाजी. दिवसातून तीन-चार वेळा तो हे म्हणे. आता म्हणताना तो थांबे, आणि समोरचा माणूस खुर्चीत ताठ होऊन, डोळे फाडून, नको तितका उघडा होऊन बसला की त्याला त्याची थोडी दया येई. उघड्या डोळ्यांचा माणूस चांगला दिसत नाही, हेही त्याच्या लक्षात आलं. घरी हात गड्डीवाचून रिकामे होते. ते पेन धरत, भाकरी मोडत, आणि मधेच करंगळी आपली आपण उचलली जाई. त्याला सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवून पाहावीशी वाटली. पेन्सिलीची फुली स्पष्ट होती. तिच्या वर, अर्ज धरलेला हात होता. हाताच्या वर, चेहऱ्याकडे जायला गेलं की काहीच नव्हतं, कोरं, जसं आरशात.

दुसऱ्या गुरुवारी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, एका वाटणीपत्राच्या मसुद्यावर डबा उघडलेला असताना, अल्पनाचा व्हिडिओ आला. बावीस सेकंदांचा. दोन हात, तिचे, आणि गड्डी. चेहरा नव्हता. मागे टाइम ऑफिसची हिरवी भिंत, म्हणजे तीही जेवणाच्या सुट्टीत होती. अनीशनं चष्मा पुसला आणि ठरवून, पापण्यांना सांगून ठेवून, पाहिलं. तिनं एक पान दाखवलं, मध्ये ठेवलं. करंगळी चांगली अर्धा इंच बाहेर आलेली होती. मग गड्डी उलटली. नीट, जाडजूड, लपवायचा काही प्रयत्न न करता, एक पान निसटून टेबलावर पडलं तेही तिनं शांतपणे उचललं. अनीशला सगळं दिसलं. बांगडीला बांधलेला दोरा दिसला, अंगठ्याजवळचा पोळल्याचा डाग दिसला, तो केव्हा पडला असेल हे त्याला माहीत नव्हतं. चित्रण संपलं. खाली तिनं विचारलं होतं, दिसलं का?

त्यानं डबा बाजूला सरकवला. नाही, त्यानं लिहिलं. काहीच दिसलं नाही.

दोन निळ्या खुणा उमटल्या. तिकडून काही लिहिलं जात होतं, थांबत होतं, पुन्हा लिहिलं जात होतं. महिन्याचा शनिवार यायला अजून सोळा दिवस होते.

‘‘खोटं,’’ आलं. आणि मग, देवनागरीत, एका ठिकाणी हिंदी शब्द घालून: ‘‘शनिवारी बाराच्या आधी येऊ नका. हफ्त्यात सुट्टीचा एकच दिवस असतो, मला झोपायचं असतं.’’